उतारा आणि उत्तर

परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा असतो, की त्याची उत्तरे त्याच कागदावर छापलेली असतात. त्यासाठी पाठांतर करावे लागत नाही, की आदल्या रात्री जागावे लागत नाही. उतारा वाचावयाचा, त्याखालील प्रश्न पाहावयाचे आणि उत्तरे लिहावयाची. इतके सोपे काम असूनही याच प्रश्नात पुष्कळांचे गुण जातात. आणि ते का गेले, हे कळत नसल्यामुळे पुढच्या परीक्षेत पुन्हा जातात. "गुरुजी, उतारा तर मला समजला होता. मग उत्तर चुकले कसे?" असे मुले विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर नुसत्या उपदेशाने देता येत नाही. त्यासाठी एखादा उतारा व त्यावर मुलांनी खरोखर लिहिलेली उत्तरे समोर ठेवावी लागतात. म्हणून मी माझ्या वर्गाला एकदा दिलेला उतारा येथे देत आहे. तो आधी शांतपणे वाचा. मनात वाचलात तरी चालेल. पण घाई करू नका.

"धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, त्यांच्या आजोळी झाला. त्यांचे स्वतःचे गाव मुरूड. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे, समुद्रकाठचे हे लहानसे गाव. घरची स्थिती बेताची होती. गावात शिकता येण्यासारखे होते तेवढे शिकून झाल्यावर धोंडोपंतांनी सरकारी परीक्षेस बसण्याचे ठरविले. ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यास नोकरीची वाट मोकळी होणार होती. परीक्षेचे ठिकाण होते सातारा. आणि परीक्षेस बसणाराचे वय निदान सतरा वर्षांचे असावे, असा नियम होता.

१८७५ सालचा पावसाळा होता. मुरूडपासून सातारा सुमारे ११० मैल. वाटेत सह्याद्री आडवा पसरलेला, रान दाट आणि वरून पाऊस कोसळत असलेला. पाठीवर ओझे घेऊन धोंडोपंत आणि त्यांचे सोबती चार दिवसांत पायी साताऱ्यास पोहोचले. परीक्षामंडळाच्या प्रमुखांपुढे धोंडोपंत उभे राहिले. त्यांची अंगकाठी किरकोळ, चण लहान. हा मुलगा सतरा वर्षांचा नसावा, असे त्या गृहस्थांना वाटले आणि त्यांनी धोंडोपंतांना परीक्षेस बसू दिले नाही. इतके चालून आलेल्या धोंडोपंतांना आल्या पावली परत फिरावे लागले.

पुढे त्यांनी ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. १८८१ साली ते मॅट्रिक झाले. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून त्यांनी पदवी मिळविली आणि १८९१ सालापासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवू लागले."

या उताऱ्यावर मी पाच प्रश्न विचारले होते. धोंडोपंतांचे गाव कोणते? त्यांचा प्रवास कष्टाचा होता, हे कशावरून दिसते? त्यांना परीक्षेस का बसू दिले नाही? परीक्षामंडळाच्या प्रमुखांना जे वाटले, ते बरोबर होते काय? आणि शेवटचा प्रश्न, साताऱ्याहून परत येताना धोंडोपंतांच्या मनात कोणते विचार आले असतील?

वह्यांचा गठ्ठा घरी नेऊन मी तपासावयास बसलो. पहिला प्रश्न मी मुद्दाम सोपा ठेवला होता. मुलांना धीर यावा म्हणून. पण त्या सोप्या प्रश्नानेच काहींना फसविले. त्यांनी लिहिले, "धोंडोपंतांचे गाव शेरवली." उताऱ्यात गावाचे जे नाव प्रथम दिसले, ते त्यांनी उचलले आणि पुढची ओळ वाचलीच नाही. शेरवली हे त्यांचे आजोळ, गाव मुरूड. दोन्ही नावे शेजारीशेजारी आहेत. डोळा पहिल्या नावावर थांबला आणि हात लिहू लागला. एक ओळ आणखी वाचली असती, तर हे उत्तर चुकले नसते. याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

खरी गंमत तिसऱ्या प्रश्नाची. त्यांना परीक्षेस का बसू दिले नाही? बहुतेक वह्यांत मला एकच वाक्य सापडले: "कारण त्यांचे वय सतरा वर्षांपेक्षा कमी होते."

हे उत्तर तुम्हांला कसे वाटते? क्षणभर थांबा आणि उतारा पुन्हा पाहा.

उताऱ्यात 'वय कमी होते' असे कोठेही म्हटलेले नाही. 'सतरा वर्षांचा नसावा, असे त्या गृहस्थांना वाटले' असे म्हटले आहे. 'असणे' आणि 'वाटणे' या दोन क्रियापदांत किती अंतर आहे! रात्री अंगणात पडलेली दोरी साप वाटते. म्हणून ती साप होत नाही. मुलांनी 'वाटले' हा शब्द वाचला होता; परंतु उत्तर लिहिताना तो गाळला. आणि तो एक शब्द गळल्याबरोबर सगळी हकिकत उलटी झाली. उताऱ्यातील धोंडोपंतांवर अन्याय झालेला आहे. या उत्तरातील धोंडोपंत नियम मोडावयास निघालेले आहेत. ज्या मुलाने शंभराहून अधिक मैल पायपीट केली, त्याच्यावर आपण न कळत खोटेपणाचा आरोप केला, हे त्या विद्यार्थ्यांच्या गावीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे बोलून दाखविले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, माझ्या मनात तेच होते. फक्त लिहिताना तसे झाले." त्याचे म्हणणे खरे असेल. पण तपासणाराच्या हाती तुमची वही येते. तुमचे मन येत नाही. त्याला कागदावर जे दिसते, त्यावरूनच तुम्हांला काय समजले ते ठरवावे लागते.

आणखी काही मुलांनी लिहिले होते, "कारण त्यांची अंगकाठी किरकोळ होती." हे पहिल्यापेक्षा बरे; कारण यात खोटे काही नाही. परंतु ते अर्धे उत्तर आहे. अंगकाठी किरकोळ असलेल्या मुलांनी परीक्षा देऊ नये, असा नियम होता काय? नव्हता. नियम वयाचा होता. किरकोळ अंगकाठी आणि परीक्षा नाकारणे या दोहोंमध्ये एक दुवा आहे, तो या उत्तरात आलेला नाही. 'का' असे विचारले म्हणजे नुसता एक मणी उचलून चालत नाही. माळ ओवून दाखवावी लागते. नियम कोणता होता, पाहणाराला काय दिसले, त्यावरून त्याला काय वाटले आणि त्याने काय केले, हे सारे ओळीने आले पाहिजे. असे:

"परीक्षेस बसण्यास निदान सतरा वर्षे वय लागत असे. धोंडोपंतांची अंगकाठी किरकोळ व चण लहान असल्यामुळे त्यांचे वय तेवढे नसावे, असे परीक्षामंडळाच्या प्रमुखांना वाटले. म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही."

तीन वाक्ये झाली. यातील एकही शब्द कठीण नाही. पण यातले एखादे वाक्य काढून पाहा; उत्तर लंगडे होते. आणि चौथे वाक्य घालून पाहा. बहुधा ते निरुपयोगी ठरेल. उत्तर किती मोठे असावे, असे मुले नेहमी विचारतात. त्याचे माप असे वाक्य काढून आणि घालून कळते. ओळी मोजून ते कळत नाही.

दुसऱ्या प्रश्नात निराळीच गोष्ट घडली. 'कशावरून दिसते?' असे विचारताच काही मुलांनी उताऱ्याचा दुसरा परिच्छेद आरंभापासून शेवटपर्यंत उतरून काढला. अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष. उत्तर त्यात आहे का? आहे. पण धान्यात खडे असतात, तसे ते आहे. परीक्षामंडळाचे प्रमुख, त्यांना काय वाटले, परत फिरावे लागले, हे सारे प्रवासाच्या कष्टात कोठे येते? ज्याने सगळाच परिच्छेद लिहिला, त्याला त्यातले काय हवे आणि काय नको हे कळले की नाही, ते तपासणाराला समजण्याचा मार्गच उरत नाही. आई तांदूळ निवडताना सूप पुढ्यात घेते आणि एकेक खडा बाजूला काढते. सगळेच्या सगळे सूप भांड्यात ओतले, तर त्याला निवडणे कोण म्हणेल?

दुसऱ्या टोकाला काही मुले अशी होती, की त्यांनी लिहिले, "कारण ते पायी गेले." बस्स. पायी तर आपण रोज शाळेतही जातो.

या प्रश्नावर एका विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर मला फार आवडले. त्याने लिहिले होते: "धोंडोपंतांनी मुरूड ते सातारा हे सुमारे ११० मैलांचे अंतर चार दिवसांत पायी काटले, म्हणजे ते दररोज सत्तावीस मैलांहून अधिक चालले. पाठीवर ओझे होते. वाटेत सह्याद्री ओलांडावा लागला, रान दाट होते आणि पाऊस कोसळत होता. यावरून त्यांचा प्रवास कष्टाचा होता, हे दिसते." सत्तावीस मैल हा आकडा उताऱ्यात नाही. मग तो लिहिणे योग्य आहे काय? अगदी योग्य आहे. तो उताऱ्यातल्याच दोन आकड्यांतून निघाला आहे. आजच्या मापाने ते अंतर रोजचे सुमारे ४४ किलोमीटर होते. नुसते '११० मैल' वाचून आपल्याला जे जाणवत नाही, ते या एका भागाकाराने जाणवते. उताऱ्यात जे लिहिले आहे त्यातून जे निश्चितपणे निघते, तेही उताऱ्याचेच असते.

आता चौथ्या प्रश्नाकडे वळतो. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे.

प्रश्न असा होता: परीक्षामंडळाच्या प्रमुखांना जे वाटले, ते बरोबर होते काय? काहींनी 'होय' लिहिले, काहींनी 'नाही' लिहिले आणि पुष्कळांनी तेथेच पूर्णविराम दिला. ज्या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे देता येते, तेथे खरे उत्तर त्या शब्दाच्या पुढे सुरू होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. काहींनी भावनेच्या भरात लिहिले, "बरोबर नव्हते. एवढ्या थोर माणसाला असे वागविणे चुकीचे आहे." ही भावना चांगली आहे, पण १८७५ साली समोर उभा असलेला मुलगा पुढे थोर होणार, हे त्या प्रमुखांना कसे कळावे? आणि थोरपणाचा येथे संबंध काय? प्रश्न वयाचा आहे.

वह्या तपासता तपासता रात्र बरीच झाली होती. शेवटच्या काही वह्या उरल्या होत्या. त्यातली एक वही मी उघडली. चौथ्या उत्तराच्या जागी एवढेच होते:

१८७५ − १८५८ = १७. पावसाळा एप्रिलनंतर येतो.

मी ते वाचले आणि त्यापुढे शून्य लिहिले. वाक्य नाही, 'होय' नाही, 'नाही' नाही. आणि पावसाळ्याचा येथे काय संबंध? मुलीने घाईत दुसऱ्या कोठल्या तरी प्रश्नाचे उत्तर येथे खरडले असावे, असे मला वाटले. मी वही मिटली आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या वाटल्या. मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन माझ्यापाशी आली. तिने तक्रार केली नाही. एवढेच विचारले, "गुरुजी, यात काय चुकले?" मी म्हणालो, "पावसाळ्याचे येथे काय काम?" त्यावर ती हळूच म्हणाली, "नुसती वजाबाकी करून चालत नाही ना? परीक्षा एप्रिलच्या आधी असती, तर त्यांना सतरा वर्षे पुरी झाली नसती."

मी वही पुन्हा हाती घेतली. तिचे म्हणणे बरोबर होते. साऱ्या वर्गात ते एकटीच्याच ध्यानात आले होते. आणि खरे सांगावयाचे तर, प्रश्न काढताना माझ्याही ध्यानात आले नव्हते. १८५८ साली जन्मलेला माणूस १८७५ साली सतरा वर्षांचा होतो, असे आपण सहज म्हणतो. पण त्याचा वाढदिवस यावयाचा असेल, तर तो अजून सोळाच वर्षांचा असतो. धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिलचा. ते साताऱ्यास गेले पावसाळ्यात. आपल्याकडे पावसाळा जूनमध्ये सुरू होतो. तेव्हा त्या दिवशी त्यांना सतरावे वर्ष लागलेले नव्हते, तर सतरा वर्षे पुरी होऊन अठरावे चालू होते. नियमाप्रमाणे ते परीक्षेस बसण्यास पात्र होते. 'पावसाळा' या एका शब्दात ही सारी साक्ष दडलेली होती. मी उताऱ्यात तो शब्द केवळ चिखलपाण्यासाठी घातला, असे म्हणावयास हरकत नाही!

मी शून्य खोडले आणि गुण दिले. त्या उत्तराचे रूप पाहून मी ते नाकारले होते, त्यातला अर्थ पाहिला नव्हता. ज्या गृहस्थांच्या चुकीवर मी प्रश्न विचारला होता, त्यांच्याहून मी निराळे काय केले होते?

पण त्यानंतर मी तिला जवळ बसवून घेतले आणि म्हणालो, "गुण तर दिले. आता असे कर, हेच उत्तर ज्याने उतारा वाचलेला नाही अशा माणसाला समजेल, असे लिही." ती विचारात पडली. तिने वहीत लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शाळेची घंटा झाली तेव्हा तिच्या वहीत हे उत्तर होते:

"परीक्षामंडळाच्या प्रमुखांना जे वाटले, ते बरोबर नव्हते. धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला होता. ते १८७५ सालच्या पावसाळ्यात साताऱ्यास गेले. पावसाळा एप्रिल महिन्यानंतर येत असल्यामुळे तेव्हा त्यांना सतरा वर्षे पुरी झालेली होती."

आधीच्या आणि या उत्तरात विचार एकच आहे. पहिले उत्तर तिच्या स्वतःपुरते होते. हे दुसऱ्यासाठी आहे. पहिल्यात ती ज्या पायऱ्या मनातल्या मनात चढून गेली, त्यांपैकी दोनच कागदावर उमटल्या होत्या. दुसऱ्यात सगळ्या पायऱ्या आहेत आणि वाचणाराला तिच्यामागून चढत जाता येते. उत्तराचा आरंभही पाहा. प्रश्नातलेच शब्द घेऊन तिने पहिले वाक्य बांधले आहे. त्यामुळे प्रश्न न वाचताही उत्तर कशाचे आहे ते कळते. उत्तराचे पहिले वाक्य कसे लिहावे, असे जेव्हा तुम्हांला सुचणार नाही, तेव्हा प्रश्नाचेच वाक्य करून पाहा. बहुधा वाट सापडते.

पाचव्या प्रश्नाची तऱ्हा वेगळी. धोंडोपंतांच्या मनात कोणते विचार आले असतील, हे उताऱ्यात सांगितलेले नाही. ते आपण कल्पनेने लिहावयाचे. कल्पनेने लिहावयाचे म्हटल्यावर काहींची कल्पना उधळली. एकाने लिहिले, "धोंडोपंतांच्या मनात आले, की आपण मोठेपणी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढावे." कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, हे त्या मुलाने कोठेतरी वाचले होते आणि ते खरेही आहे. पण परीक्षेतून परत पाठविलेला, भिजलेला, थकलेला सतरा वर्षांचा मुलगा घाट उतरताना चाळीस वर्षांपुढची गोष्ट मनात आणील काय? आपल्याला ठाऊक असलेले सगळे उत्तरात भरण्याचा मोह आवरणे हेही एक शिक्षणच आहे. दुसऱ्याने लिहिले, "त्यांनी त्या गृहस्थांचा सूड घेण्याचा निश्चय केला." याला तर उताऱ्यात तिळमात्र आधार नाही.

तर मग कल्पना चालवावयाची कशी? उताऱ्याने दिलेल्या मर्यादेत. घरची स्थिती बेताची होती, हे उताऱ्यात आहे; म्हणजे नोकरीची वाट लांबली, याची चिंता त्यांना वाटली असेल. चार दिवस चालून आले होते. म्हणजे सारे श्रम फुकट गेले, असे मनात आले असेल. वय पुरे होते. म्हणजे केवळ दिसण्यावरून आपल्याला नाकारले, हे त्यांना फार लागले असेल. आणि पुढे त्यांनी तीच परीक्षा दिली. तेव्हा पुन्हा प्रयत्न करावयाचा, असेही त्यांनी ठरविले असावे. प्रत्येक विचाराला उताऱ्यातला एकेक आधार आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. 'असेल', 'असावे' ही रूपेही पाहा. जे आपण तर्काने लिहितो, ते 'होते' असे ठामपणे लिहावयाचे नसते. 'वाटले' गाळणारांनी जी चूक केली, तिच्याच कुळातली ही चूक आहे.

'उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहा' अशी सूचना पुष्कळदा असते. तिचा अर्थ एका विद्यार्थ्याने असा घेतला, की उताऱ्यातला प्रत्येक शब्द बदलला पाहिजे. त्याने 'अंगकाठी किरकोळ' याचे 'देहयष्टी क्षीण' केले, 'पाऊस' याचे 'पर्जन्य' केले आणि 'पायी' याचे 'पदभ्रमणपूर्वक'! बिचाऱ्याने बराच वेळ खर्च केला असावा. मुलांनो, पाऊस हा शब्द उताऱ्याच्या मालकीचा नाही. तो तुमचाही आहे. स्वतःच्या शब्दांत लिहिणे म्हणजे उतारा बाजूला ठेवून, तीच गोष्ट घरी धाकट्या भावंडाला सांगत असता कशी सांगितली असती, तशी लिहिणे. मात्र बोलण्यातला पसारा आवरून. विशेषनामे, सन आणि अंतरे जशीच्या तशी ठेवावीत. तेथे चातुर्य दाखवू नये. आणि ज्यांचा उल्लेख उताऱ्यात 'त्यांनी', 'ते' असा आदराने केला आहे, त्यांना आपल्या उत्तरात 'तो' म्हणू नये.

हे सर्व साधावे कसे? माझ्या अनुभवाने सांगतो. उतारा एकदा सगळा वाचावा आणि मग प्रश्न वाचावेत. येथपर्यंत सगळेच करतात. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. प्रत्येक प्रश्न मनात धरून पुन्हा उताऱ्याकडे परत जावे. पहिल्या वाचनात आपण गोष्ट वाचतो. धोंडोपंतांचे काय झाले, याकडे आपले मन असते. दुसऱ्या वाचनात आपण काही शोधीत असतो आणि मग 'वाटले', 'पावसाळा', 'आजोळी' असे शब्द, जे पहिल्यांदा डोळ्यांखालून नुसते निघून गेले होते, ते उठून दिसू लागतात. विहिरीत पडलेली कळशी काढावयाची, तर गळ एकदा सोडून भागत नाही. बोट ठेवून वाचावयाची लाज वाटू देऊ नका. मीही कठीण मजकूर तसाच वाचतो.

प्रश्नातला प्रश्नार्थक शब्दही नीट पाहावा. 'कोणते' विचारले तर नाव द्यावे, 'का' विचारले तर कारण, 'कशावरून' विचारले तर पुरावा. हे तुम्ही पूर्वी ऐकले असेल. पण परीक्षेच्या घाईत 'कशावरून' ऐवजी 'कसा' वाचला जातो आणि प्रवास कसा होता त्याचे वर्णन सुरू होते.

आता पुढचा उतारा तुमच्यासाठी. यावरची उत्तरे मी सांगणार नाही.

स्वाध्याय

"१८९६ साली कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. विधवा स्त्रियांना आश्रय आणि शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू होता. १९०० साली हा आश्रम पुण्याबाहेर हिंगणे या खेड्यात एका झोपडीत गेला. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत असत. कॉलेजातले काम आटोपले, की ते पायी हिंगण्यास जात आणि आश्रमाचे काम पाहत. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली त्यांना 'भारतरत्न' हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले."

१. आश्रमाची स्थापना कोणासाठी व कशासाठी झाली? एका वाक्यात लिहा.

२. निधनाच्या वेळी कर्वे यांच्या वयाची किती वर्षे पुरी झाली होती? जन्मतारीख पहिल्या उताऱ्यातून घ्या. नुसती वजाबाकी न लिहिता, वाचणाराला पटेल असे उत्तर पूर्ण वाक्यांत लिहा.

३. दोन्ही उताऱ्यांत कर्वे पायी चालताना दिसतात. त्या दोन चालण्यांत तुम्हांला कोणता फरक जाणवतो? प्रत्येक विधानास उताऱ्यातील आधार द्या.

४. पुढील उत्तरात एक शब्द असा आहे, की त्याला उताऱ्यात आधार नाही. तो शोधा आणि उत्तर पुन्हा लिहा: "कर्वे फर्ग्युसन कॉलेजातील नोकरी सोडून पायी हिंगण्यास जात."

५. एका विद्यार्थ्याने या उताऱ्यावर असा प्रश्न तयार केला: "आश्रम पुण्यातून हिंगण्यास का हलविला?" हा प्रश्न या उताऱ्यावर विचारता येईल काय? तुमच्या उत्तराचे कारण लिहा. आणि ज्याचे उत्तर या उताऱ्यात आहे, पण एका वाचनात सापडणार नाही, असा एक प्रश्न स्वतः तयार करून शेजारच्या विद्यार्थ्याला सोडवावयास द्या.